अनसाबाई, आज घंटा उशिरा झाली

अनसाबाई,

आज शाळेची घंटा उशिरा वाजली आणि मी ती मुद्दाम उशिरा वाजवली. तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या अंगणात येऊन मला जे काही ऐकवलंत ते गल्लीतल्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. आज ऐकवायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी आपल्या अंगणांमधल्या भिंतीकडे पाठ करून भाकरी थापतो आहे.

तुमचा जन्म कुठला, माहेर कसं होतं, हे मला नीट माहीत नाही, आणि ते लिहायला मी बसलेलोही नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे लिहून तरी काय होणार हेही खरंच. पण मी मास्तर माणूस आहे. बोलायचं राहून गेलं की मला लिहून काढावं लागतं. आणि तुमच्याशी बोलायचं फार राहून गेलं आहे. त्यातलं निम्मं तर भांडणच आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात माझी बायको सरू गेली. तिचं तेरावं झालं आणि माणसं गाड्या जुंपून आपापल्या गावी निघाली. शिरपूरची माझी बहीण जाता जाता म्हणाली, बापूला मी घेऊन जाते, दहा महिन्यांचं लेकरू पुरुषाच्या हाताखाली जगत नाही. मी म्हणालो, बघू. आठ वर्षांची सुमी दाराआड उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा दिसला आणि मी बापूला उचलून कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली. तीन मुठी ज्वारीचं पीठ घेतलं, गार पाणी ओतलं आणि सगळं एकदम मळलं. आई कणीक मळायची तेवढंच लहानपणी पाहिलेलं होतं. पहिली भाकर परातीतून उचलताना तुटली आणि अर्धी चुलीत पडली. दुसरी तव्यावर पोहोचली, पण तिचे चार तुकडे झाले होते. घरभर धूर झाला, बापू खोकायला लागला. आपल्या दोन अंगणांमधल्या कमरेएवढ्या मातीच्या भिंतीपलीकडे तुम्ही खराटा घेऊन उभ्या होतात. मला वाटलं, आता ही बाई म्हणेल, सरका मास्तर, मी करते. कोणतीही शेजारीण हेच म्हणाली असती.

तुम्ही म्हणालात, "पानी गरम घ्या. अन् एका भाकरीपुरतंच मळा."

मी निलाजरेपणानं म्हणालो, आजच्या दिवस दोन भाकरी थापून द्या. तुम्ही खराटा भिंतीला टेकवलात.

"आज मी देईन, उद्या देईन. परवा मले ताप आला, मंग? तुमी शिका. मी हाय ना उभी."

आणि खरंच उभ्या राहिलात. मी चौथी भाकर थापेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. तिकडे तुमची चूल जळत होती, गाय धारेसाठी हंबरत होती, तुमचे यजमान किसनराव आतून दोनदा खाकरले. पहिल्या तीन भाकरी तुम्ही तुमच्या शेळीला घालायला लावल्यात आणि चौथीकडे मान तिरपी करून पाहत म्हणालात, हे भाकर हाय. इतक्या परीक्षा दिल्या मी, पण त्या सकाळइतका खूश कधी झालो नव्हतो.

नंतरचा माझा मूर्खपणा तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. मी घरासाठी वेळापत्रक केलं. एका मोठ्या पाटीवर रेघा मारून झाडलोट, पाणी, चूल, धुणं, शाळा असं सगळं बसवलं आणि पाटी चुलीवरच्या खुंटीला टांगली. बापूच्या रकान्यात लिहिलं होतं, नऊ ते साडेनऊ झोप. तुम्ही मला ती पाटी मोठ्यानं वाचायला लावलीत आणि हसत हसत भिंत धरून खाली बसलात.

"बापूले वाचता येते का हे?"

पण एक गोष्ट तुमच्या कानांनी बरोबर टिपली होती. त्या पाटीत सगळ्यात जास्त वेळा सुमीचं नाव होतं. मी तिला शाळेतून काढलं होतं. तसं कबूल मात्र केलं नव्हतं. थोडे दिवस, बापू चालायला लागेपर्यंत, असं मी स्वतःला सांगत होतो. दुसऱ्यांच्या मुली शाळेत याव्यात म्हणून मी दारोदार फिरत होतो आणि माझी मुलगी बापूला कडेवर घेऊन पाण्याला जात होती. हसू ओसरल्यावर तुम्ही विचारलंत, सुमी काहून नाई शाळंत? मी म्हणालो, मग घर कोण पाहील?

"घर कोनाचं हाय, मास्तर? आठ वर्साच्या पोट्टीचं का तुमचं?"

मी उठून आत गेलो. चार दिवस तुमच्याशी बोललो नाही. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिनं मला शाळेबद्दल सांगावं याचा मला राग आला होता. आणि त्याहून जास्त राग याचा, की ते खरं होतं.

पाचव्या दिवशी मी ताठ्यानं सुमीला शाळेत पाठवलं आणि एकट्यानं सगळं करून दाखवायला निघालो. श्रावण होता. आभाळ इतकं गच्च की सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. बापूचं पोट बिघडलं होतं. त्याला धुतलं की तो पुन्हा घाण करायचा. भाकर जळली, दूध उतू गेलं, आणि बापूला कडेवर घेऊन मी शाळेत पोहोचलो तेव्हा मुलं पडवीत गोट्या खेळत होती. घंटा वाजली ती तासभर उशिरा.

त्या घंटेवर आणखी कोण कोण अवलंबून आहे याची मला कल्पनाच नव्हती. गावात घड्याळ एकच, ते शाळेत. ढगाळ दिवसात तुम्ही सगळ्या बाया शाळेच्या पहिल्या घंटेला भाकरी फडक्यात बांधून निंदणाला निघत होतात. त्या दिवशी तुम्ही घंटेची वाट पाहत घरातली कामं करत राहिलात, आणि उशिरा पोहोचलात म्हणून शेतमालकानं सगळ्यांना बांधावरूनच परत पाठवलं. तुमचा अख्खा दिवस बुडाला. दुपारी चावडीवर पुरुष मंडळी माझी चेष्टा करत होती. मास्तरच्या हाताला आता खडूऐवजी गोवऱ्यांचा वास येतो, असं कोणीतरी म्हणालं. सगळ्यांत मोठ्यानं तुमचे किसनराव हसले.

मी शाळा सुटल्यावर सरळ गाडीवानाकडे गेलो आणि सकाळसाठी शिरपूरची गाडी ठरवली. घरी येऊन बापूची लंगोटं, दुपटं आणि दूध पाजायचं बोंडलं एका धडप्यात बांधलं. सुमीनं गाठोडं सोडलं, बोंडलं पुन्हा एकदा धुतलं आणि परत बांधून ठेवलं. ते पाहून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्याबरोबर गल्लीतली पारबती होती, कोपऱ्यावरची हमीदाबी होती, दोघींच्या कडेवर लेकरं. माझ्यामुळे दिवस बुडालेल्या बाया. मी मान खाली घालून शिव्या खायला तयार बसलो. घंटेबद्दल तुम्ही बोललात, पोटभर बोललात, आमी घंटेच्या भरोशावर राह्यतो अन् तुमी कोनाच्या भरोशावर, असं सगळं झालं. मग तुम्ही माझ्या अंगणात बसलात, आणि त्या दोघीही बसल्या.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मी अजून थक्क होतो. तुम्ही हमीदाबीला म्हणालात, सांग मास्तरले. हमीदाबीनं सांगितलं की तिनं एकदा दोन पोरांना न्हाऊ घालायला घेतलं आणि एकालाच दोनदा न्हाऊ घातलं. दुसरा तसाच चिखलानं भरलेला दिवसभर हिंडला. पारबतीनं लेकराची दृष्ट काढली, आणि घाईत मीठमोहऱ्यांऐवजी सासऱ्याचा तंबाखू ओवाळून चुलीत टाकला. सासरा महिनाभर बोलला नाही. मी हसायला लागलो. हसू आलं हेच मला नवल वाटलं. मला तोवर वाटत होतं की तुम्हा बायांना हे सगळं जन्मतःच येतं, मी तेवढा नापास.

मग तुम्ही सांगितलंत. तुम्ही हसला नाहीत. तुमची मुलगी तुळशी चार महिन्यांची असताना तुम्ही तिला शेतात बाभळीला झोळी बांधून निजवलं होतं. संध्याकाळी काड्यांचा भारा डोक्यावर घेतलात, विळा कमरेला खोचलात आणि घरी आलात. भारा उतरवला तेव्हा आठवलं.

"डोस्क्यावर वझं होतं ना. वाटलं, सारं घेतलं."

तुम्ही तशाच अनवाणी धावत परत गेलात. तुळशी झोळीत जागी होती, स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. हे तुम्ही किसनरावांनाही सांगितलं नव्हतं. पारबतीला आणि हमीदाबीलाही ते तेव्हाच कळलं. पारबतीनं बापूला माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

जाताना ठरवून गेलात. ज्या दिवशी जी बाई घरी राहील तिच्याकडे बापू. सुमी शाळेत. मी भाकरी करायची, धुणं धुवायचं आणि घंटा वेळेवर वाजवायची. दुसऱ्या दिवशी शिरपूरची गाडी रिकामी परत गेली.

त्या दिवसापासून दिवेलागणीला तुम्ही भिंतीशी येऊन एकच प्रश्न विचारायला लागलात. आज कोन रडलं? जेवण झालं का, बापू कसा आहे, असलं काही नाही. पहिल्यांदा मी म्हणालो, बापू रडला. तुम्ही म्हणालात, त्याचं सोडा, तो रडनच. मी म्हणालो, सुमी. आणखी? मग मी सांगितलं. सरूचं लुगडं धुवायला घेतलं होतं, तेव्हा मी. तुम्ही हूं म्हणालात आणि मला तुमचं सांगितलंत, दुपारी पाट्यावर वरवंटा घसरून बोट चेचलं तेव्हा तुम्ही रडलात, पण बोटासाठी नाही. कशासाठी ते सांगितलं नाहीत. तीन वर्षं हा आपला रोजचा हिशेब होता. त्यावर मी जगलो, असं आज सरळ लिहितो.

तुम्हाला काम करताना पाहणं हा मला एक धडाच होता. पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी, हातात सूप, सुपात तुरीची डाळ, कान चुलीवरच्या भाताकडे आणि तोंड माझ्याशी. डाळीतला खडा तुमच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचा. आणि एवढं चालू असताना तुम्ही मधेच थांबायचात आणि म्हणायचात, मास्तर, सुमी आज गप्प गप्प हाय, पाहजा. मी एका खोलीत त्या मुलीबरोबर राहत होतो, आणि ते तुम्हाला भिंतीपलीकडून कळत होतं. हे कसं जमतं ते मी तुम्हाला कितीदा विचारलं. तुम्हालाही सांगता आलं नाही.

आता भांडण.

तुळशी शाळेत येत नव्हती. माझ्या मुलीसाठी तुम्ही गल्ली गोळा केलीत, आणि तुमची मुलगी तुम्ही घरी ठेवलीत. मी दर महिन्याला विचारायचो आणि तुम्ही दर वेळी 'पाहू' म्हणायचात. शेवटी, तुम्ही ज्या तापानं गेलात तो येण्याच्या आठ दिवस आधी, माझा तोल गेला. मी म्हणालो, दुसऱ्याच्या मुलीसाठी भांडायला सोपं असतं, अनसाबाई, घर कोणाचं आहे, दहा वर्षांच्या तुळशीचं का तुमचं? तुमचंच वाक्य तुम्हाला परत दिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ओल्या हातांनी पदर सारखा केलात आणि आत गेलात. मला वाटलं, जिंकलो.

तुमच्या तेराव्याला पारबती माझ्याशेजारी पत्रावळी टाचत बसली होती. तिनं सांगितलं. सुगीत आणि वेचणीत गल्लीतली एकही बाई घरी राहत नव्हती. कोणाचाच दिवस घरी राहायचा नसायचा. तेव्हा बापूला तुळशी सांभाळायची. सात वर्षांची होती तेव्हापासून. पारबतीचं आणि हमीदाबीचं लेकरूही तिच्याकडेच असायचं. मला कोणी सांगायचं नाही अशी तुम्ही सगळ्यांना ताकीद दिली होती.

पारबती म्हणाली, "म्हने, मास्तरले समजलं तं सुमीले पुन्हा घरी बसवन."

तुमचं बरोबर होतं. त्या वेळी मी तेच केलं असतं. पण मी ते पाहिलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? तुळशीच्या कडेवर बापू मी शंभरदा पाहिला होता. मला वाटायचं, खेळतात पोरं. पोरींना हजेरीत बोलावणारा मास्तर, आणि मला ही एक मुलगी तीन वर्षं दिसली नाही. माझी सुमी चौथीत गेली ती तुळशीच्या कडेवरून गेली, आणि त्याच मुलीवरून मी तुम्हाला बोललो.

तरीही हे मला पटलेलं नाही. सुमीच्या जागी तुळशीला बसवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता? तुम्ही मला सांगितलं असतं तर आपण काही काढलं असतं, शाळेच्या पडवीत झोळ्या बांधल्या असत्या, काहीही. तुम्ही माझ्यावर तेवढा भरवसा टाकला नाहीत, आणि भरवसा टाकण्यासारखा मी नव्हतो, या दोन्ही गोष्टी मला एकदम गिळाव्या लागतात. तुम्ही असतात तर यावर आपण आठवडाभर भांडलो असतो. मी हरलो असतो, आणि मला ते चाललं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुमच्या चुलीशी तुळशी बसायला लागली. मी भिंतीवरून पाहिलं. हात तुमचेच, थापायची लय तुमचीच. संध्याकाळी मी किसनरावांकडे गेलो आणि म्हणालो, तुळशीला शाळेत पाठवा. ते म्हणाले, "मंग घर कोन पाह्यन?"

माझेच शब्द होते. मी उपदेश केला नाही. तुम्ही मला जे विचारलं होतं ते त्यांना विचारलं, आणि हेही सांगितलं की हा प्रश्न माझा नाही, त्यांच्याच घरधनिणीचा आहे. ते उठून आत गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यात आशा वाटली.

आज सकाळी तुमच्या अंगणातून धूर आला, नको तेवढा. पाहतो तर भिंतीशी किसनराव उभे. कोपरापर्यंत पीठ, मिशीला पीठ. चावडीवर माझ्यावर हसलेला तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, पानी कसं पाह्यजे?"

माझ्या परातीत तयार भाकर होती. ती उचलून द्यावी असं फार वाटलं. पण मला तुमचा खराटा आठवला. मी म्हणालो, गरम. आणि एका भाकरीपुरतंच मळा. मी आहे उभा.

त्यांना सहा लागल्या. पहिल्या पाच शेळीनं खाल्ल्या. तुळशी ओट्यावर बसून होती, हात मांडीवर, त्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. सुमीनं तिची वेणी घातली, आपलीच पाटी तिला दिली आणि तिला घेऊन गेली. त्या दोघी शाळेच्या दारात शिरेपर्यंत मी घंटेची दोरी धरून थांबलो, मग वाजवली. पारबती आणि हमीदाबी वेचणीला निघायच्या तयारीत, फडकी बांधून वाटेवर उभ्या होत्या; बापू आणि त्यांची लेकरं शाळेच्या पडवीत बसली होती. पारबती जाता जाता म्हणाली, घंटा आज बराबर वाजली.

दिवेलागणीला मी भिंतीशी गेलो. तुमच्या बाजूला किसनराव बसले होते. मी विचारलं, आज कोण रडलं? ते म्हणाले, पोरगी नाई रडली. मग म्हणाले, तिसरी भाकर तुटली तवा मी. मी त्यांना माझी पहिली भाकर सांगितली, वेळापत्रक सांगितलं, हमीदाबीची दोन न्हाणी सांगितली. ते हसले, आणि हसता हसता तोंड फिरवून बसले.

तुळशी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "मास्तर, माही आई कधी चुकली का?"

तुमचं गुपित माझ्याकडे आहे, अनसाबाई, आणि ते मी कोणाला सांगणार नाही. पण त्या मुलीला खोटंही सांगवेना. मी म्हणालो, एकदा चुकली होती.

"मंग?"

"मग धावत परत आली होती. अनवाणी."

ती दारातून आली आणि बापाशेजारी भिंतीला टेकून बसली.